दादाचा एक, माझे चार

इंग्रजांनी जगभर राज्य केलं, पण शब्दांच्या बाबतीत हे लोक कमालीचे चिक्कू. एकच शब्द दहा ठिकाणी वापरून संसार भागवायचा. आता ‘स्ट्रोक’ हाच शब्द घ्या. घड्याळाचा ठोका म्हणजे स्ट्रोक. चित्रकारानं कुंचल्याचा फटकारा मारला, स्ट्रोक. गावसकरनं चेंडू सीमापार धाडला, स्ट्रोक. पोहणाऱ्यानं पाण्यात हात मारला, स्ट्रोक. मांजराच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला, तरी स्ट्रोकच. आणि सकाळी चहाचा कप उचलायला निघालेला हात कपापर्यंत पोचलाच नाही, तर तोही स्ट्रोक. आपल्याकडे याला पक्षाघात म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, लकवा म्हणतात. तीन शब्द, आणि तिन्ही असे की नुसते ऐकून धडधाकट माणूस खाली बसावा. इंग्रजी शब्दाला तो धाक नाही. म्हणूनच की काय, आमच्या घरात हा शब्द आला तो एकटा आला नाही. एक दादाला आला. उरलेले चार मला शिकावे लागले.

आम्ही दोघे भाऊ पुण्यात एकाच इमारतीत राहतो. तो पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. पस्तीस वर्षं गणिताचा मास्तर. फळ्यावर कंपास न घेता नुसत्या हातानं वर्तुळ काढायचा, मध्यबिंदू द्यायचा आणि मग वर्गाकडे असा बघायचा की त्रिज्या मोजून बघायची कुणाची छाती होऊ नये. त्याच हातानं त्यानं पुष्कळांचे कान पिळले. त्यातला उजवा कान माझा.

२०२२ च्या श्रावणात एका सकाळी तो हात चहाच्या कपाच्या अलीकडे थांबला. वहिनींनी ‘जरा पडा, बरं वाटेल’ वगैरे काही केलं नाही, कांदा हुंगवला नाही, शेजारणीचा सल्ला घेतला नाही. सरळ दवाखाना गाठला. वेळेत आणलंत म्हणून थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवसांत दादा घरी आला. महिन्याभरात त्याचं बोलणं परत आलं. वहिनींच्या मते गरजेपेक्षा थोडं जास्तच परत आलं. पायही काठीच्या आधारानं चालू लागला. उजवा हात मात्र पाहुण्यासारखा राहिला. म्हणजे घरात होता, पण घरच्या कामाला उपयोगी नव्हता.

नोव्हेंबरात पेन्शनरांना बँकेत जाऊन हयातीच्या यादीवर सही करावी लागते. मी त्याला घेऊन गेलो. यादीवरच्या चौकोनात त्यानं कशीबशी सही केली; ती चौकोनाबाहेर, खालच्या दोन पेन्शनरांच्या हयातीवरून गेली. मग त्यानं पैसे काढायची स्लिप भरली. खिडकीतली मुलगी फार सभ्य होती. तिनं स्लिप पाहिली, संगणक पाहिला, पुन्हा स्लिप पाहिली आणि हळूच म्हणाली, “सही जुळत नाहीये, काका.”

“मी जुळतोय ना?” दादा म्हणाला.

मुलगी हसली. म्हणाली, “अंगठा द्या, चालेल.” आणि तिनं शाईचं पॅड पुढे सरकवलं.

ज्या माणसानं तीन पिढ्यांना अंक गिरवायला शिकवले, त्यानं अंगठा उठवला. येताना रिक्षात तो एक अक्षर बोलला नाही. घरी आल्यावर वहिनींनी चिंधीला रॉकेल लावून... नाही, रॉकेल आता कुठं मिळतं, खोबरेल तेल लावून अंगठा पुसला. तो डाग तसा दोन दिवसांत गेला.

फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून तीनदा घरी यायची. मऊ चेंडू दाबायचा, कपड्याचे चिमटे दोरीवर लावायचे, एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकायचे. बँकेच्या प्रकरणानंतर दादानं संप पुकारला. “मी काय वाटाणे मोजायला जन्माला आलोय?” असं म्हणून त्यानं वाटी डाव्या हातानं उलटी केली. (डावा हात पूर्वीपासूनच तापट होता.) मुलगी हुशार. तिनं वाटाणे गोळा केले आणि विचारलं, “काका, या हातानं तुम्हाला काय करायला सगळ्यात जास्त आवडायचं?”

आम्हाला वाटलं, हा खडू म्हणणार. दादा म्हणाला, “टेबल टेनिस.”

खोलीत शांतता पसरली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पण त्या मुलीनं विचार करून चक्क परवानगी दिली. अटी बऱ्याच होत्या. मागे खुर्ची हवी, जवळ कुणीतरी उभं हवं, दहा मिनिटांच्या वर नाही, धाप लागली की बंद. आणि मुख्य अट अशी, की समोरच्यानं चेंडू हळू, एकाच जागी, पुन्हा पुन्हा द्यायचा.

टेबल आमच्याकडे होतं. बिल्डरनं जाहिरातीत ‘सुसज्ज क्लब हाऊस’ असं ज्याला म्हटलं होतं, ती पाण्याच्या पंपाशेजारची खोली. त्या टेबलावर गणपतीत आरास होते, निवडणुकीत मतपेटी असते, वार्षिक सभेत वडे असतात. नऊ फूट बाय पाच फूट आणि जमिनीपासून अडीच फूट उंच, हे माप टेबल टेनिससाठी ठरवलं आहे हे मला फार उशिरा कळलं. मी ते वड्यांसाठी ठरवलेलं समजत होतो. नेट खजिनदारांच्या कपाटात असे. प्रश्न होता तो समोरच्या माणसाचा. इमारतीतली दोन-तीन पोरं हौसेनं आली. पण ती बॅट तलवारीसारखी चालवणारी. पहिलाच चेंडू दादाच्या कानाजवळून गेला. दादा खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, “चेंडू मारतायत रे हे. देत नाहीत.”

आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निवृत्त, रिकामटेकडा, दोन्ही हात शाबूत आणि नात्यानं सख्खा भाऊ. पात्रता पूर्ण.

आता इथं एक खुलासा केला पाहिजे. टेबल टेनिसशी माझा संबंध लहानपणापासूनचा आहे, पण तो टेबलाच्या खालचा. दादा कॉलेजात असताना जिमखान्यात खेळायचा आणि मला घेऊन जायचा, ते चेंडू आणून देण्यासाठी. त्या वेळचे चेंडू सेल्युलॉइडचे. चेंडूला पोचा आला की तो फेकायचा नाही. घरी आणून बंबातल्या कढत पाण्यात सोडायचा. आतली हवा फुगायची आणि पोचा टप् करून बाहेर यायचा. हे खातंही माझ्याकडेच होतं. हल्लीचे चेंडू प्लॅस्टिकचे असतात, २०१४ पासून सेल्युलॉइडला रजा मिळाली. आणि बंबाला तर त्याच्याही आधी. सांगायचा मुद्दा असा, की सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मी या खेळाची सेवा केली होती, खेळ केला नव्हता.

शिकायचं ठरलं, पण शिकवणार कोण? दुसऱ्या मजल्यावर एक अकरा वर्षांची मुलगी आहे. रोज संध्याकाळी पाठीला बॅग लावून कुठल्याशा क्लबात टी.टी. शिकायला जाते, आणि मिळालेल्या ढाली तिच्या आईला आता टीव्हीवर ठेवता येत नाहीत, कारण टीव्ही चपटा झाला. तिला विचारलं. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, खास करून गुडघ्यांपाशी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “बेसिक चार स्ट्रोक शिकवीन. रोज यावं लागेल.” फी काय, म्हटलं. तर तिला अपूर्णांक येत नव्हते. तेव्हा मला स्ट्रोक तिनं शिकवायचे आणि तिला अपूर्णांक दादानं, असा तिरंगी करार झाला. दादा तिला पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणू लागला. मास्तरकीच्या पेशात ज्याला त्याला मान द्यायची पद्धत असते. मग मीही म्हणू लागलो.

पहिले दोन दिवस बाईंनी मला चेंडू दाखवलासुद्धा नाही. आधी बॅट धरणं. बॅट म्हणजे कुणाशी तरी हस्तांदोलन करतोय अशी धरायची. अंगठा इकडे, तर्जनी तिकडे रबराच्या कडेला आडवी. घट्ट धरायची नाही. मी आयुष्यभर लोकलच्या दांड्या धरलेला माणूस. ‘सैल धरा’ हे माझ्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. मग उभं राहणं. उभं राहणं मला येतं अशी माझी समजूत होती. पण या खेळात उभं राहायचं म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, टाचांवर भार न देता, पुढे झुकून. खुर्चीत बसायला निघालेल्या माणसाला कुणी मध्येच हाक मारावी आणि त्यानं तसंच थांबून ‘काय?’ म्हणावं, ती ही अवस्था. हिला ‘रेडी पोझिशन’ म्हणतात. प्रत्येक फटक्यानंतर परत या अवस्थेत यायचं. फटका मारून ‘वा’ म्हणत उभं राहिलात तर पुढचा चेंडू येऊन गेलेला असतो. “आजोबा, गुडघे!” ही आरोळी त्या पंधरवड्यात इतक्यांदा उठली, की पंपाजवळचा वॉचमन मला ‘गुडघेवाले साहेब’ म्हणू लागला.

पहिला स्ट्रोक फोरहँड ड्राइव्ह. कंबर उजवीकडे वळवायची, बॅट टेबलाच्या उंचीला न्यायची, चेंडू उसळून सगळ्यात वर आला की पुढे आणि थोडं वर जात मारायचं, आणि बॅट कपाळासमोर येऊन थांबवायची. थोडक्यात, कुणीतरी वरिष्ठ दिसला आणि सलाम ठोकला. चाळीस वर्षं हापिसात काढल्यानं हा स्ट्रोक मला तीन दिवसांत आला. बॅकहँड ड्राइव्ह पोटासमोरून. कोपर जागच्या जागी, नुसता कोपरापासूनचा हात पुढे. बाई म्हणाल्या, “फ्रिस्बी टाकतो तसं.” मी काही फ्रिस्बी टाकलेली नाही. पण पत्ते वाटताना लांब बसलेल्या भिडूकडे पान भिरकावतो, अगदी तसंच ते होतं, आणि पत्ते मी भरपूर वाटलेत. तेव्हा तोही आला.

अडलं ते ‘पुश’पाशी. पुश म्हणजे ढकलणं नव्हे. बॅटचं तोंड आकाशाकडे करून ती चेंडूच्या खालून सरकवायची. त्यामुळे चेंडू पुढे जातो पण स्वतःभोवती उलटा फिरत जातो. याला ‘कट’ म्हणतात. असा कट आलेला चेंडू आपण नेहमीसारखा मारायला गेलो, की बॅटला लागताच गृहपाठ न केलेल्या पोरासारखी मान खाली घालून नेटमध्ये जातो. ड्राइव्हचा चेंडू सुलटा फिरतो, हवेतच खाली वाकतो, म्हणून जोरात मारूनही टेबलावर पडतो. दादानं खुर्चीत बसून हवेचा दाब वगैरे सांगून हे मला सिद्ध करून दिलं. सिद्धता पटली. चेंडू पडत राहिला नेटमध्येच.

शेवटी हा प्रश्न आमच्या हिनं सोडवला. ती सहज डबा द्यायला खाली आली होती. दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, “अहो, धिरड्याखाली उलथनं घालता का असं? धिरडं फाटेल. उलथनं तव्याला टेकवून, हलक्या हातानं, सरकवत न्यायचं.” बाईंनी तिच्या हातात बॅट दिली. हिनं पहिल्या झटक्यात सलग सहा पुश टाकले, “गॅसवर दूध आहे,” म्हणाली आणि निघून गेली. पुढचा आठवडाभर सकाळची धिरडी मी केली. पुश आला.

चेंडूशिवाय नुसता हात फिरवण्याच्या सरावाला ‘शॅडो’ म्हणतात. प्रत्येक स्ट्रोक रोज शंभर वेळा आरशासमोर, असा बाईंचा हुकूम होता. मी कपाटाच्या आरशासमोर सकाळी सुरू करी. कामवाल्या मावशींनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी हिला विचारलं, “काका सोताला सलाम का करत्यात?” पण कहर झाला तो सातारच्या आतेबहिणीच्या फोनवर. ती दादाची चौकशी करत होती. ही म्हणाली, “भाऊजींचं ठीक आहे हो. आता ह्यांचेच स्ट्रोक चाललेत. दोन झाले, तिसरा चालू आहे.”

पलीकडे काही क्षण आवाज नाही. मग, “शुद्धीवर आहे ना गं?”

“न असायला काय झालं? आरशासमोर उभे राहून हात हलवत असतात दिवसभर. चौथा रविवारपर्यंत होईल असं त्या बाई म्हणाल्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेबहीण दारात. पहिल्या एस.टी.नं आलेली, हातात चार शहाळी आणि कागदाच्या पुडीत कुलदैवताचा अंगारा. मी त्या वेळी दिवाणखान्यात वाकून, पाय फाकवून, तोंडानं एकोणसत्तर, सत्तर असं म्हणत पत्ते वाटत होतो. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. सगळा खुलासा होईपर्यंत दोन शहाळी संपली होती. अंगारा मात्र तिनं लावलाच. म्हणाली, “आता आणलाय तर.”

माझी खरी परीक्षा पुढेच होती. मला वाटायचं, स्ट्रोक शिकायचे ते समोरच्याला हरवायला. पण बाई टेबलाच्या त्या टोकाला, दादाच्या बाजूला, एक वहीचा कागद ठेवीत आणि म्हणत, “आजोबा, कागदावर. प्रत्येक बॉल कागदावर. पॉइंट नाही काढायचा. समोरच्याला परत मारता आला पाहिजे असा द्यायचा.” चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. म्हणजे एका लवंगवेलचीच्या विड्यापेक्षा कमीच भरत असेल. तेवढीशी वस्तू नऊ फुटांपलीकडच्या एका कागदावर, त्याच वेगानं, न चिडता पुन्हा पुन्हा ठेवणं, हे काम चेंडू कोपऱ्यात मारून बाजी जिंकण्याहून किती अवघड आहे ते केल्याशिवाय कळायचं नाही. कागदाची घडी दर आठवड्याला लहान होत गेली. पूर्ण कागद, मग अर्धा, मग चतकोर. अपूर्णांकही बरोबरीनं चालले होते.

२०२३ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दादा खाली आला. वहिनींनी क्रेप बँडेजची पट्टी शिवून बॅटच्या मुठीला पक्की केली होती, म्हणजे बोटं सुटली तरी बॅट सुटायची नाही. दादा डावा पंजा टेबलावर टेकून उभा राहिला. वहिनी मागे खुर्ची धरून. बाई बाजूला, चेंडूंचा डबा घेऊन. मी समोर, गुडघे वाकवून. पोटात गोळा आला होता. हापिसातल्या चौकशी समितीपुढेसुद्धा मला असं झालं नव्हतं.

पहिला चेंडू त्याच्या बॅटला लागला आणि छताकडे गेला. दुसरा वहिनींकडे. तिसरा नेटवर आपटून त्याच्याच बाजूला पडला. दादाचा चेहरा बँकेतल्यासारखा होऊ लागला. मी चौथा दिला. तो त्याच्या बॅटला लागून टप् टप् करत माझ्या बाजूला आला. मी परत दिला. तो परत आला. मी पुन्हा दिला, आणि मग तो कुठंतरी गेला.

“दोन,” दादा म्हणाला.

त्या दिवसापासून तो मोजू लागला. गणिताचा मास्तर, मोजायला काहीतरी मिळालं की माणसात येतो. फेब्रुवारीत सात. मार्चच्या सुरुवातीला अकरा आणि मग आठवडाभर नऊच्या पुढे काही केल्या जाईना. त्याचा धीर सुटू लागला तेव्हा बाईंनी त्याला क्लबात ऐकलेली गोष्ट सांगितली. १९३६ साली प्रागच्या जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांचा पहिला एक पॉइंट दोन तासांहून जास्त वेळ चालला. दोघंही नुसते ढकलत राहिले, चुकायला कुणी तयार नाही. “दोन तास?” दादा म्हणाला. “म्हणजे पुशच ना सगळे?” आणि त्यानं फोरहँडचा हट्ट सोडून बॅकहँड पुश धरला. पोटासमोर, हात लांब करायला नको, खांद्यावर ताण नको. एप्रिलात आम्ही बत्तिसावर गेलो.

मग त्याला गोष्टी आठवू लागल्या. १९५२ साली ही जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. तिथं जपानचा हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला खेळाडू जाड स्पंजची बॅट घेऊन आला. बाकीच्यांच्या बॅटी बारीक पुटकुळ्यांच्या रबराच्या, त्यांचा टक् टक् आवाज व्हायचा. त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज यायचा. सातोच्या बॅटचा आवाजच नाही. बडेबडे गोंधळले आणि सातो जगज्जेता होऊन गेला. बाईंनी विचारलं, “आजोबा, तुम्ही पाहिलंत?” दादा म्हणाला, “मी पाच वर्षांचा होतो. पण आमच्या जिमखान्यात पुढे वीस वर्षं सगळे जण पाहिल्यासारखंच सांगायचे.”

बत्तीस झाल्यावर दादाला गेम खेळावासा वाटू लागला. इथं वाद सुरू झाले. तो म्हणे, गेम एकवीसचा, सर्व्हिस पाच-पाच. बाई म्हणत, अकराचा आणि दोन-दोन. २००१ पासून अकराच आहे, हे त्याला मान्य नाही. “अकरात काय होतं? अंग तापेपर्यंत खेळ खलास!” शेवटी सोळावर तडजोड झाली. मला वाटतं, जगात सोळाचा गेम फक्त आमच्या पंपाशेजारी चालतो.

आणि पहिल्याच गेममध्ये बाई सहज बोलून गेल्या, “नियमात मोकळा हात टेबलाला टेकला की पॉइंट जातो. पण तुम्हाला चालेल, आजोबा.”

“चालेल म्हणजे?” दादा म्हणाला. “नियम आहे ना?”

“आहे, पण...”

दादानं डावा पंजा उचलला.

वहिनींनी खुर्ची इतकी घट्ट धरली की त्यांच्या बांगड्या वाजल्या. मी चेंडू हातात घेऊन उभाच. दादा थोडा हलला, एका बाजूला कलला, मग गुडघे वाकवून सावरला. बरोबर रेडी पोझिशनमध्ये. म्हणाला, “टाक की, बघत काय बसलास?” मी टाकला. त्यानं नेटमध्ये घातला. पॉइंट गेला खरा, पण गेला तो चेंडूवर. हाताच्या नियमावर नाही, हे त्यानं वहिनींना संध्याकाळपर्यंत तीनदा समजावून सांगितलं.

टेबल टेनिसनं हात बरा केला असं मात्र मी कुणाला सांगत नाही. गोळ्या होत्या, ती फिजिओथेरपीवाली मुलगी होती, आणि वहिनींचा धाक होता. वाटाणेसुद्धा त्यानं पुन्हा मुकाट्यानं उचलले, कारण बाईंनी बोटांना ते लागतात म्हणून सांगितलं. आणि हात पूर्वीचा झाला असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा बँकेत गेलो. दादानं सही केली. ती चौकोनात बसली, पण जुन्या सहीशी जुळली नाही ती नाहीच. खिडकीतली मुलगी पुन्हा पॅड सरकवणार, तोच दादा म्हणाला, “नमुना सहीचा नवा फॉर्म द्या.” आणि उभ्या उभ्या, मोकळा हात काउंटरला न लावता, त्यानं एकाखाली एक तीन सह्या केल्या. तिन्ही वाकड्या होत्या. पण एकमेकींशी जुळत होत्या.

२०२४ च्या ऑगस्टात, पॅरिसला आपल्या मुलींचा संघ ऑलिम्पिकच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला तेव्हा दादा आणि बाई एकाच कोचावर बसून ओरडत होते. त्यातही दादाचं लक्ष त्या मुलींच्या बॅकहँडवरच. “मनगट बघ, मनगट,” असं तो मला सांगत होता. त्याच्या स्वतःच्या मनगटात अजून एक थरथर राहिली आहे. चमच्यातली आमटी त्यामुळे सांडते, फळ्यावरचं वर्तुळ बटाट्यासारखं येतं. पण या थरथरीनं त्याचा पुश असा काही विचित्र झाला आहे की विचारू नका. बॅट चेंडूखालून जाताना किंचित हलते, कट कधी जास्त बसतो, कधी अजिबात बसत नाही, आणि आधी काही कळत नाही. बॅटच्या आवाजावरूनही नाही. मला तर तो घेता येतच नाही. इमारतीतली तलवारबहाद्दर पोरंही त्यावर पडतात.

बाई आता चौदा वर्षांच्या होतील. अपूर्णांक केव्हाच संपले, बीजगणित चालू आहे. परवा दुपारी मी खाली गेलो तर त्या टेबलापाशी एकट्याच उभ्या होत्या, बॅकहँड पुशचा शॅडो करत. मधूनच मनगट थरथरवत होत्या. पुन्हा करत होत्या, पुन्हा थरथरवत होत्या. दादा खुर्चीत बसून, काठीवर हनुवटी टेकवून बारकाईनं बघत होता.

“एवढं नाही हलवायचं,” तो म्हणाला. “थोडं कमी.”